मुंबईतली नवी हॉटेलं: नावं नकोत, पदार्थ सांगा

गिरणगावकर

माझी आजी लालबागला खानावळ चालवायची. खानावळ म्हणजे पाटी लावलेलं दुकान नव्हे. चाळीतली दहा बाय बाराची खोली, दोन स्टोव्ह, एक शेगडी आणि महिन्याच्या हिशेबावर जेवणारी वीस-बावीस माणसं. सगळे गिरणीतले. कोणी संगमेश्वरचा, कोणी कराडचा, कोणी आजऱ्याचा. बायकामुलं गावी, इथे गाळ्यात पाळीपाळीने झोपायचं आणि आजीकडे जेवायचं. आई १९७६ साली लग्न होऊन आली ती थेट त्या परातीसमोर. पहाटे चारला उठून भाकऱ्या, कारण पहिल्या पाळीचे डबे भोंग्याआधी निघायला हवेत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आजीने पुढचे काही महिने उधारीवर जेवू घातलं. मग माणसंच गावी गेली आणि खानावळ बंद झाली.

हे सगळं हॉटेलांच्या धाग्यात का सांगतोय, तर गेल्या महिन्यात ऑफिसच्या जेवणाला पहिल्यांदा कमला मिलच्या आवारातल्या बॉम्बे कॅन्टीनमध्ये गेलो. २०१५ पासून आहे. रोज त्या बाजूने जातो, पण आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. आपल्यासाठी नाही, असंच धरून चाललो होतो. तिथे एग्ज केजरीवाल मागवलं. हा पदार्थ मूळचा विलिंग्डन क्लबातला. केजरीवाल नावाचे एक सदस्य टोस्टवर चीज, हिरवी मिरची आणि वर अंडं असं मागवायचे, म्हणून हे नाव. कॅन्टीनवाल्यांनी त्यात ठेचा घातलाय. साधं कापलेल्या मिरचीचं प्रकरण नाही, ठेचाच. पिवळा बलक फुटून तो चीजमध्ये आणि ठेच्यात उतरतो तेव्हा काय होतं ते मला लिहिता येत नाही. एवढंच सांगतो की मी घास हातात धरून थांबलो, कारण ही चव मला आमच्या स्वयंपाकघरातून माहीत होती आणि ती मिळत होती एका गिरणीच्या आवारात.

आईचा वाढदिवस डिसेंबरात आहे. ६७ पूर्ण होतील. तिला बाहेर जेवायला न्यायचंय आणि या वेळी नेहमीच्या थाळीला नाही. गेल्या दहा वर्षांत मुंबईत जी नवी हॉटेलं आली, त्यांतल्या कुठल्या ठिकाणचा कुठला एक पदार्थ तुमच्या लक्षात राहिला? कृपा करून 'अँबियन्स मस्त, सर्व्हिस छान' नको. एकच पदार्थ घ्या आणि तो का, ते सांगा. आई मासे-अंडी खाते, मटण सोडलंय. मार्गशीर्षातले गुरुवार वर्ज्य.

पोदेर

बीकेसीतलं ओ पेद्रो. बॉम्बे कॅन्टीनच्याच मंडळींचं, २०१७ चं. पदार्थ: पोय, म्हणजे गोव्याचा पाव.

मी म्हापशाचा, पंधरा वर्षं कुर्ल्यात. मुंबईत पोय म्हणून जे मिळायचं तो गव्हाच्या पिठाचा पाव असायचा, बाकी काही नाही. खऱ्या पोयीला कोंडा लागतो, ती आतून पोकळ फुगते आणि हाताने फाडली की वाफ बाहेर येते. आमच्या लहानपणी पीठ सुरेने आंबवायचे, म्हणजे माडाच्या ताडीने. आता गोव्यातही बहुतेक भट्ट्या यीस्ट वापरतात. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून यायचा, रबरी भोंगा वाजवायचा, की आम्ही दारात. ओ पेद्रोत पोय गरम येते आणि सोबत वेगवेगळं लोणी असतं, त्यात एक चोरीसचं, म्हणजे गोव्याच्या डुकराच्या सॉसेजचं. मी चोरीसच्या लोण्याने पोय खाल्ली आणि बाकीचं जेवण यायच्या आधीच पोट भरून घेतलं.

शेवटी सेरादुरा घ्या. क्रीम आणि बिस्किटाच्या चुऱ्याचे थर. पोर्तुगीजमध्ये सेरादुरा म्हणजे लाकडाचा भुसा. तो चुरा तसाच दिसतो म्हणून. तुमच्या आईंना आवडेल, फार गोड नसतं.

आता मेट्रो ३ आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाल्यावर बीकेसी परकं राहिलेलं नाही. लालबागहून मात्र तुम्हाला टॅक्सीच बरी.

एडिसनकर

पोदेर, ओ पेद्रो आणि कॅन्टीन या दोन्हींमागे फ्लॉइड कार्डोझ होते, ते इथे लिहिलंच पाहिजे. मुंबईत वाढलेला माणूस. १९९८ साली न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर पार्कसमोर टॅब्ला सुरू झालं, तिथले ते शेफ. भारतीय मसाले घेऊन अमेरिकन बाजारात मिळणारे मासे आणि भाज्या शिजवायच्या, ही त्यांची पद्धत. तेव्हा इथे अमेरिकेत भारतीय जेवण म्हणजे बुफे आणि नारिंगी रंगाची ग्रेव्ही. आम्ही नवीन लग्न झालेले, वर बसायला परवडत नव्हतं म्हणून खालच्या ब्रेड बारमध्ये बसायचो. तिथे पहिल्यांदा वाटलं की आपल्या आमसुलाची, आपल्या चिंचेची इथे कोणाला तरी किंमत आहे.

टॅब्ला २०१० ला बंद झालं. कार्डोझ २५ मार्च २०२० ला कोविडने गेले, इथे न्यू जर्सीतच. मुंबईहून नुकतेच परत आले होते. त्या आठवड्यात आमच्या गटात कितीतरी जणांनी घरी कोकम घालून काहीतरी रांधलं आणि एकमेकांना फोटो पाठवले.

मी दर दोन वर्षांनी मुंबईला येतो आणि एक जेवण कॅन्टीनमध्ये ठरलेलं असतं. तुम्ही सांगितलेलं केजरीवाल, आणि शेवटी गुलाब-नट. गुलाबजाम आणि डोनट यांच्या मधलं काहीतरी, ओल्ड मंक रममध्ये भिजवलेलं. आईंना देण्याआधी रमचं सांगा मात्र.

माटुंगा पूर्व

वांद्र्याचं बेन्ने. २०२४ साली उघडलं, बंगळुरूहून आलेल्या जोडप्याचं. पदार्थ अर्थातच बेन्ने डोसा.

मी माटुंग्यात जन्मलो. राम आश्रय १९३९ चं, कॅफे मद्रास १९४० चं, रामा नायकांचं उडुपी १९४२ चं. ही तिन्ही माझ्या घरापासून चालत. त्यामुळे डोशासाठी कोणी मला वांद्र्याला जायला सांगितलं तर मी जाणार नाही, असंच म्हणत होतो. मुलीने नेलं.

फरक कुठे आहे ते सांगतो. माटुंग्याचा डोसा पातळ, कडा कुरकुरीत, सांबार महत्त्वाचं. बेन्ने म्हणजे कन्नडमध्ये लोणी. हा डोसा जाड असतो, खालून लालसर तळल्यासारखा आणि आतून मऊ. लोणी तव्यावर पसरताना हात आखडता घेत नाहीत. मूळ दावणगेरेच्या डोशात तर पिठात मुरमुरेही भिजवून वाटतात, त्याने आतला मऊपणा येतो. बंगळुरूचा त्याहून कुरकुरीत, आणि इथला त्या वळणाचा आहे. सोबत खोबऱ्याची पांढरी चटणी. सांबार मिळण्याची अपेक्षा धरून गेलात तर हिरमोड होईल. पण चटणीशी खाल्लात तर सांबाराची आठवण येत नाही.

जागा अगदी छोटी आहे, रांग लांब. आईंना उभं राहायला लागेल, म्हणून वाढदिवसाला नाही सुचवत. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास जा.

सायली ठाणे

मी शाकाहारी, आणि या नव्या हॉटेलांबद्दल माझी एक जुनी तक्रार होती की आमच्यासाठी मश्रूम, पनीर आणि ब्रोकोली याखेरीज कोणाला काही सुचतच नाही. ती तक्रार मास्क नावाच्या हॉटेलाने मोडली.

मास्क २०१६ चं, महालक्ष्मीला लक्ष्मी वूलन मिलच्या आवारात. (गिरणगावकर, तुमची नोंद खरी आहे, पुन्हा गिरणीच.) तिथे मेन्यूकार्डातून निवडायचं नसतं. ते ठरवतील ते एकामागून एक दहाएक छोटे पदार्थ येत राहतात, शाकाहारी वेगळं आणि मांसाहारी वेगळं. सुरुवातीला प्रतीक साधू शेफ होते. काश्मीर-लडाखकडचे जिन्नस त्यांनी मुंबईच्या ताटात आणले. २०२२ ला ते गेले आणि तेव्हापासून वरुण तोतलानी बघतात. आशियातल्या ५० उत्तम रेस्तराँच्या यादीत हे नाव सलग काही वर्षं येतंय.

माझ्या लक्षात राहिलं ते सी-बकथॉर्न. लडाखमधलं केशरी रंगाचं, बोराच्या निम्म्या आकाराचं आंबट फळ. आपल्याकडे करवंद कच्चं असताना दात आंबतात ना, त्या जातीचा आंबटपणा, पण मागे संत्र्यासारखा वास. तोंड एकदम जागं होतं. मी घरी येऊन नकाशात शोधलं हे कुठे उगवतं ते.

पैसे मात्र माणशी कित्येक हजार. आम्ही लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला गेलो, वर्षभर बाजूला टाकत होतो. तीन तास बसावं लागतं. आईंना एवढा वेळ छोट्या छोट्या बश्यांसमोर बसणं आवडेल का, हा विचार करा. माझी सासू सातव्या बशीला विचारत होती, "भात कधी येणार?"

नवं नाही, पण एक सांगते. ताडदेवचं स्वाती स्नॅक्स १९६३ चं. त्यांची पानकी खा. केळीच्या दोन पानांमध्ये तांदळाच्या पिठाचं पातळ धिरडं. कोकणातली आपली पानगी तिची सख्खी बहीण. पानगी आता किती घरांत होते? ती मला मुंबईतल्या एखाद्या नव्या मेन्यूवर बघायची आहे.

शेंगदाणा

एवढं सगळं वाचून एक प्रश्न. दादरच्या आस्वादच्या मिसळीला २०१५ साली लंडनच्या एका स्पर्धेत जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ म्हणून निवडलं होतं. त्याच वर्षी बॉम्बे कॅन्टीन सुरू झालं. आस्वादची मिसळ आजही माझ्या खिशाला परवडते. मग ठेचा लावलेल्या टोस्टला मी पाच-सहा पट पैसे का द्यावेत? ठेचा घरी आहे, अंडं घरी आहे. मी भांडायला आलो नाही, मला खरंच समजून घ्यायचंय.

गिरणगावकर

शेंगदाणा, प्रश्न रास्त आहे आणि मी तो स्वतःला बिल देताना विचारला.

माझं उत्तर असं. आजीकडे जेवणारा माणूस महिन्याला जे द्यायचा त्यात धान्य, रॉकेल आणि भाजी निघायची. आजीच्या आणि आईच्या हातांचे पैसे त्यात कधीच नव्हते. पहाटे चार ते रात्री दहा दोन बायका राबत होत्या आणि त्या राबण्याची किंमत कोणी धरली नाही, त्यांनी स्वतःसुद्धा नाही. सावकाराकडून धान्यासाठी कर्ज घ्यायचं आणि फेडत राहायचं. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी, बँकेचं कर्ज त्यांच्या नावावर मिळावं म्हणून. आजी सभेला जायची. आपल्या नावाने बँकेत खातं आहे हे ती शेवटपर्यंत लोकांना सांगायची.

म्हणून महाग मेन्यूवर 'ठेचा' हा शब्द वाचला तेव्हा मला राग नाही आला, बरं वाटलं. आमच्या ताटातल्या गोष्टीला कोणीतरी पैसे मोजतंय. आस्वाद आहेच, आणि आस्वादमध्ये मी महिन्यातून चारदा जातो. दोन्ही असू देत.

भट्टीवरचा

मी एका हॉटेलच्या किचनमध्ये काम करतो, नाव नको. आठ वर्षं झाली. शेंगदाणा आणि गिरणगावकर दोघांनाही आतलं थोडं सांगतो.

मराठी जेवण नव्या हॉटेलांत तुकड्यातुकड्याने का दिसतं? ठेचा दिसतो, कोकम दिसतं, तिरफळ दिसतं, गोडा मसाला दिसतो. पिठलं-भाकरी, डाळिंबी उसळ-भात असं आख्खं जेवण दिसत नाही. कारण चव नाही, कारण भाकरी आहे. नान तंदूरला लावला की एक माणूस एका वेळी दहा काढतो. भाकरी एकेक थापायची, पाणी लावून तव्यावर, मग विस्तवावर फुगवायची. फुगल्यापासून दहा मिनिटांत ती ताटात गेली नाही तर ज्वारीची चामट होते आणि बाजरीची कडक. पीठ जुनं असेल तर विरी जाते, थापतानाच चिरते. हॉटेल मॅनेजमेंटच्या तीन वर्षांत आम्हाला फ्रेंच सॉस पाचही शिकवले. भाकरी एकदाही नाही. आमच्याकडे एकदा मेन्यूवर ठेवली तेव्हा आख्ख्या किचनमध्ये ती येणारा एकच माणूस होता, भांडी घासायला असलेले मामा. ते सोलापूरचे. त्या दोन महिन्यांत मामांना आम्ही भांड्यांवरून काढून तव्यावर घेतलं आणि पगार वाढवून दिला. ते अजून तव्यावरच आहेत.

दुसरं वाटण. सुकं खोबरं, कांदा भाजून रोज ताजं वाटायचं म्हणजे दोन तास एका माणसाचे. फ्रीजमध्ये तीन दिवस ठेवलेलं वाटण चालतं असं सांगणारे आहेत. चालत नाही. खोबऱ्याला वास येतो.

मला विचाराल तर फोर्टमधलं 'एका' नावाचं हॉटेल. किताब महालमध्ये, नियती राव यांचं, २०२१ चं. तिथे एखादा पदार्थ कुठल्या प्रांताचा हे सांगून विकत नाहीत, जिनसापासून सुरुवात करतात. एक जिन्नस घ्यायचा आणि त्याचं कोवळं, जून, वाळवलेलं, आंबवलेलं सगळं वापरून बघायचं. मेन्यू बदलत राहतो म्हणून पदार्थाचं नाव सांगत नाही, तुम्ही जाल तेव्हा तो नसेल. आमच्या धंद्यातली बरीच पोरं सुट्टीच्या दिवशी तिथे पैसे साठवून जातात, हे पुरेसं समजा.

वेसावकरीण

भट्टीवरच्या दादांनी भाकरीचं लिहिलं, मी मासळीचं लिहिते. मासे विकते, नवऱ्याची बोट आहे.

पापलेट हा २०२३ मध्ये राज्यमासा झाला. त्याच वर्षी सरकारने ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवला, त्याहून लहान पकडायची नाही. पण मोठ्या हॉटेलांत अजून ताटलीच्या मापाचं, हाताच्या पंजाएवढं पापलेट मागतात, कारण एका माणसाला एक बसतं. ते पिल्लू असतं. गिऱ्हाईकाने विचारलं की 'हे एवढं लहान का?' तर पुढच्या वेळी ते मागवताना विचार करतील. तुम्ही विचारा. आमच्याकडून विचारून काही होत नाही.

दुसरं, १ जून ते ३१ जुलै समुद्रात मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत कार्डावर ताजी सुरमई दिसली तर ती बर्फातली आहे नाहीतर दुसऱ्या किनाऱ्यावरची. तेव्हा खाडीतली कोळंबी, चिंबोरी, नाहीतर सुकट मागा. सोडे आणि सुका बोंबील तर पावसाळ्यासाठीच वाळवतो आम्ही. कुठल्या नव्या हॉटेलने पावसाळ्यात सुक्या बोंबलाचं कालवण ठेवलं तर मी स्वतः तिकडे जेवायला जाईन.

आईंना न्यायचं तर माहीमच्या कोळीवाड्यात न्या. २०२३ ला तिथे किनाऱ्यावर सी-फूड प्लाझा सुरू झाला, बचत गटाच्या बायका चालवतात. पदार्थ विचारलात तर ओला बोंबील. त्यात पाणीच पाणी. म्हणून चिरून, मीठ लावून, पाटाखाली वजन ठेवून पाणी काढावं लागतं. घाईत केलेला बोंबील तव्यावर लगदा होतो. दाबलेला असेल तर बाहेरून रवा कुरकुरीत आणि आत लोण्यासारखा. तांदळाची भाकरी सोबत. जायच्या आधी चालू आहे ना ते बघून जा, संध्याकाळचं असतं. तिथे टेबलखुर्ची साधी आहे, पण समोर सी-लिंक आणि रांधणारी बाई तुमच्याशी बोलते.

फोर्टवाला

वेसावकरीण ताई, तुमच्या पोस्टची मी प्रिंट काढून फ्रिजवर लावतोय.

बिलाबद्दल थोडं, कारण मोठ्या बिलात याने फरक पडतो. हॉटेलात जीएसटी ५ टक्के. अपवाद मोठ्या पंचतारांकित प्रकारच्या हॉटेलांमधल्या रेस्तराँचा, तिथे १८. सर्व्हिस चार्ज हा कर नाही. २०२२ च्या ग्राहक प्राधिकरणाच्या सूचनांनुसार तो आपोआप बिलात लावता येत नाही आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना उचलून धरल्या. मला एका ठिकाणी १० टक्के लावून आला होता. शांतपणे सांगितल्यावर काढला. मग मी तेवढेच पैसे वाढणाऱ्या मुलाच्या हातात दिले. त्याला द्यायचेच होते, बिलातून द्यायचे नव्हते.

आणि हॉटेलांना दर्जासाठी मिळणारे मिशेलिन मार्गदर्शकाचे तारे मुंबईत कोणाकडेही नाहीत, ते मार्गदर्शक भारतात येतच नाही. जाहिरातीत 'मिशेलिन' दिसलं तर तो शेफ परदेशात कुठे काम करून आलाय एवढाच अर्थ.

रानवर

वांद्र्याचं रानवर हे आमचं गावठाण. आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचे मूळचे ख्रिस्ती, घरात मराठीच बोलतो, आमच्या वळणाची. कोपऱ्यावर ज्यूड बेकरी होती, आमचा रोजचा पाव तिथला. ती बंद झाली तेव्हा सगळ्यांनी धरलं होतं की आता इमारत पडणार. २०२३ मध्ये तिथे व्हेरोनिकाज आलं, सँडविचचं दुकान. कॅन्टीनवाल्यांचंच. भिंती राहिल्या, पावाचा वास राहिला. मला याचंच जास्त अप्रूप. वरच्या मजल्यावर २०२४ पासून पापाज आहे. फक्त १२ खुर्च्या, शेफ समोर उभा राहून वाढतो. आरक्षण मिळायला नशीब लागतं, मी अजून गेलो नाही, म्हणून पदार्थ सांगत नाही.

माझा पदार्थ वेगळाच आहे, आणि तो कुठल्याच नव्या हॉटेलात नीट मिळालेला नाही: बाटलीचा मसाला घातलेलं कालवण. एप्रिल-मे महिन्यात उन्हात वीसहून जास्त जिन्नस वाळवून, भाजून, कुटून बिअरच्या रिकाम्या बाटल्यांत काठीने ठासून भरायचे. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं. कुटणाऱ्या बायका घरोघर यायच्या, आता त्या थोड्या राहिल्या. सोबत फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे गोल तळलेले. या मुंबईत आम्ही इतके जुने, आणि तरी आमचं जेवण चाखायला तुम्हाला कोणाच्या तरी लग्नाला यावं लागतं. भट्टीवरचा, जमलं तर तुमच्या शेफला सांगा. मसाला मी देतो.

भट्टीवरचा

रानवर, खरंच द्या. व्यक्तिगत निरोप केलाय.

सायली ठाणे

घरगुती पंगतींचं कोणी लिहिलं नाही. गेल्या काही वर्षांत मुंबईत सीकेपी, पाठारे प्रभू, सारस्वत अशा घरांतून बायका-पुरुष आठ-दहा पाहुण्यांसाठी जेवण रांधतात, आधी नाव नोंदवायचं. मी एका सीकेपी घरी गेले होते. खाजाचे कानवले तिथे पहिल्यांदा खाल्ले. पापुद्रे मोजता येत नाहीत, आणि चावायच्या आधीच विरतात. माझ्यासाठी वालाचं बिरडं होतं, प्रत्येक वाल सोललेला. त्या काकूंनी सांगितलं की आदल्या रात्री दोन तास सोलत बसल्या होत्या. सोलण्याच्या त्या कामाला कुठलं हॉटेल माणूस लावेल?

माटुंगा पूर्व

गिरणगावकर, डिसेंबर संपत आला. नेलंत का आईंना? कुठे?

गिरणगावकर

नेलं. रविवारी दुपारी, कॅन्टीनलाच. सगळ्यांचे सल्ले वाचूनही मन तिथेच जात होतं.

आई गेटपाशी थांबली. या आवारात ती १९७९ साली एकदा आली होती म्हणे, एका माणसाचा राहिलेला डबा द्यायला. दरवानाने आत सोडलं नव्हतं. या वेळी दरवानाने नमस्कार केला. ती काही बोलली नाही, पदर नीट केला आणि चालू लागली.

केजरीवाल मागवलं. तिने काटा-चमचा बाजूला ठेवला आणि टोस्ट हातात घेतला. पहिला घास संपल्यावर म्हणाली, "मिरचीला तिखटपणा आहे पण चटका नाही." मग वाढणाऱ्या मुलाला बोलावून विचारलं, ठेचा पाट्यावर करता की मिक्सरवर? मुलगा गोंधळला, आत विचारून येतो म्हणाला. आत गेल्यावर तो बराच वेळ आला नाही, मला वाटलं विसरला. तेवढ्यात किचनमधला एक पोरगा ॲप्रनसकट बाहेर आला, आईच्या खुर्चीशी वाकून उभा राहिला आणि दोघं बोलायला लागले. मिरची आधी भाजायची की तेलात परतायची, शेंगदाण्याचं कूट घालायचं की नाही, लसूण किती. तो साताऱ्याकडचा निघाला. आईने त्याला विचारलं, "किती वाजता उठतोस?" तो म्हणाला, "मावशी, दुपारची पाळी आहे, दहाला येतो." आईला 'पाळी' शब्द ऐकून फार बरं वाटलं. घरी येताना तेच दोनदा म्हणाली.

गुलाब-नट नाही घेतलं, एडिसनकर. रमचं सांगितल्यावर नको म्हणाली. फिल्टर कॉफी प्यायली.

बिल तिने बघितलं. लपवणार होतो, पण तिने हातातून घेतलं, चष्मा लावला, आकडा वाचला. मला वाटलं आता ऐकवणार. तिने विचारलं, यातले त्या पोराला किती मिळतात. मला सांगता आलं नाही. भट्टीवरचा, तुम्हाला सांगता येईल का? तिला उत्तर हवंय, रोज विचारते.

भट्टीवरचा

सगळं इथे लिहीत नाही, निरोपात पाठवतो. मावशींना एवढं सांगा की मी लागलो तेव्हापेक्षा आज बरं आहे, आणि सुट्टी आठवड्यातून एक पक्की मिळते. आणि त्यांना विचारा, ज्वारीचं पीठ दळून आणल्यावर किती दिवसांत संपवायच्या? आमच्याकडे पंधरा दिवसांचं भरतात, मामा ओरडतात.

गिरणगावकर

विचारलं. आठ दिवस. उन्हाळ्यात पाच. आणि मामा ओरडतात ते बरोबर आहे म्हणाली.

पोदेर, जानेवारीत पोय खायला येतोय, ती तयार आहे.